ही बीटल नेमकी कोणत्या सालची? अमेरिकेत आयात झालेल्या जुन्या फोक्सवॅगनचे मॉडेल-वर्ष कसे ओळखावे

बेन पॉन या डच विक्रेत्याने १९४९ च्या जानेवारीत फोक्सवॅगनची छोटी गाडी विक्रीसाठी अमेरिकेत नेली, तेव्हा त्या संपूर्ण वर्षात तिथे अशा दोनच गाड्या विकल्या गेल्या. १९६८ मध्ये याच गाडीची अमेरिकेतील एका वर्षाची विक्री चार लाखांच्या वर गेली होती. डेट्रॉइटचे कारखाने त्या काळात दरवर्षी गाडीचा पत्रा, दिवे आणि क्रोमची सजावट बदलून गेल्या वर्षीची गाडी जुनाट दिसेल अशी व्यवस्था करत असत. फोक्सवॅगनने बाहेरचा घाट जवळजवळ तसाच ठेवला आणि आतले भाग मात्र दरवर्षी, कधीकधी वर्षाच्या मध्येही, बदलले. त्यामुळे १९५९ ची आणि १९६९ ची बीटल शेजारी उभ्या केल्या तर नवख्या माणसाला फारसा फरक दिसत नाही; प्रत्यक्षात त्यांचे इंजिन, विजेचा दाब, ब्रेक, मागचा अॅक्सल, चाकांचे बोल्ट आणि काचा हे सगळे वेगळे आहे. जुनी बीटल घेऊ पाहणाऱ्याने म्हणूनच सर्वप्रथम साल ओळखायला शिकावे. रंग आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा.

या लेखातील सालांच्या खुणा अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांच्या आहेत. आपल्याकडे किंवा युरोपात दिसणाऱ्या गाड्यांना त्या जशाच्या तशा लागू होत नाहीत; त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

मॉडेल-वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते

जर्मनीतील वोल्फ्सबर्ग येथील फोक्सवॅगनचा कारखाना उन्हाळी सुट्टीनंतर उघडला की नव्या मॉडेलचे उत्पादन सुरू होई. ऑगस्ट १९५५ पासून हा पायंडा पक्का झाला. म्हणजे ऑगस्ट १९६६ ते जुलै १९६७ या काळात तयार झालेली गाडी १९६७ चे मॉडेल समजावी, मग ती नोव्हेंबर १९६६ मध्ये बाहेर पडलेली का असेना. मालकीच्या कागदावर काही वेळा विक्रीचे साल लिहिलेले असते, काही वेळा पहिल्या नोंदणीचे. जहाजातून येण्यात आणि विक्रेत्याच्या आवारात उभे राहण्यात महिने गेलेले असल्यामुळे या तिन्ही सालांत एका वर्षाचा फरक सहज पडतो. सुटे भाग मागवताना उपयोगी पडते ते फक्त मॉडेल-वर्ष. ऑगस्ट १९५५ पूर्वीच्या गाड्यांत अशी स्वच्छ विभागणी नाही आणि बदल कोणत्याही महिन्यात झालेले आढळतात, म्हणून त्या गाड्यांच्या बाबतीत जाणकार साल सांगताना महिनाही सांगतात.

सुरुवात चेसिस नंबरपासून

बीटलची बांधणी दोन भागांत आहे. खाली तळपत्रा, मधला बोगद्यासारखा उंचवटा आणि पुढचे-मागचे सस्पेन्शन मिळून एक सांगाडा होतो, आणि त्यावर वरची बॉडी बोल्टांनी बसवलेली असते. बोल्ट काढले की बॉडी उचलून वेगळी करता येते. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांच्या मेयर्स मँक्ससारख्या वाळूत पळणाऱ्या बग्यांची लाट आली, ती याच सोयीमुळे. बॉडी काढून टाकायची, सांगाडा आखूड करायचा आणि त्यावर फायबरग्लासचे कवच बसवायचे. हीच सोय साल ओळखणाऱ्याला अडचणीत आणते, कारण एका सालच्या सांगाड्यावर दुसऱ्या सालची बॉडी बसू शकते आणि बसवलीही जाते. म्हणून एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. जो भाग बदलणे सर्वांत कठीण, त्याची साक्ष सर्वांत वजनदार मानावी आणि त्याच क्रमाने पुढे जावे.

मूळ चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. मागच्या सीटची बैठक पुढच्या कडेने उचलली की ती पूर्ण बाहेर येते. बॅटरीसुद्धा त्याच सीटखाली, उजव्या बाजूला असते, म्हणून हात घालण्यापूर्वी तिच्या टोकांवर झाकण आहे ना हे पाहावे. झाकण नसेल तर जड माणूस बसताच सीटची स्प्रिंग बॅटरीच्या टोकांना टेकते आणि आतल्या काथ्याला आग लागू शकते. अशा आगींची उदाहरणे बीटलप्रेमींना चांगली ठाऊक आहेत. नंबरावर तेलकट मातीचा थर असतो. तो मऊ ब्रशने आणि थोड्या रॉकेलने काढावा. पॉलिशपेपर किंवा ग्राइंडर लावू नये, कारण घासलेला नंबर पाहून पुढचा कोणीही खरेदीदार संशय घेईल. मग आपल्याकडे आरटीओच्या कामासाठी कागद ठेवून पेन्सिलीने चेसिस नंबरचा ठसा घेतात, तसाच ठसा घ्यावा. कागदावर आकडे स्पष्ट उठतात, त्यांची ओळ सरळ आहे की वाकडी हेही दिसते आणि आजूबाजूला वेल्डिंगची रेघ असेल तर तीही कळते. हाच नंबर पुढच्या डिकीतील पट्टीवरही असायला हवा, आणि नंतरच्या गाड्यांत तो डॅशबोर्डवर, पुढच्या काचेतून वाचता येईल असा असतो. सांगाड्यावरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळत नसतील तर ही दोन गाड्यांची मिळून झालेली एक गाडी आहे, असे धरून चालावे.

नंबर वाचण्याची पद्धत १९६५ च्या मॉडेलपासून सोपी झाली. तेव्हापासून नंबर नऊ आकडी आहे. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात. साध्या सेडानला ११ आणि उघड्या छताच्या कन्व्हर्टिबलला १५. तिसरा आकडा मॉडेल-वर्षाचा शेवटचा आकडा असतो. म्हणजे ११७ ने सुरू होणारा नंबर १९६७ च्या सेडानचा. १९७० पासून नंबर दहा आकडी झाला आणि चौथ्या जागी २ आला. नवखा माणूस इथे हमखास चुकतो: ११५ ने सुरू होणारी गाडी १९६५ ची असू शकते आणि १९७५ चीही. आकडे मोजले की प्रश्न सुटतो, नऊ असतील तर १९६५ आणि दहा असून चौथा २ असेल तर १९७५.

१९६५ पूर्वीच्या गाड्यांचे नंबर मात्र एका सलग मालिकेतले आहेत आणि ते कोष्टकाशी ताडून पाहावे लागतात. अंदाजासाठी एवढे लक्षात ठेवले तरी पुरते: १९६१ चे मॉडेल साधारण ३१ लाख ९२ हजारांपासून सुरू होते, १९६२ चे ४० लाख ११ हजारांपासून, १९६३ चे ४८ लाख ४७ हजारांपासून आणि १९६४ चे ५६ लाख ७७ हजारांपासून.

मग गाडीखाली पाहावे

सांगाड्याची साक्ष नंबरावर संपत नाही. १९६५ पर्यंतच्या गाड्यांत पुढच्या चाकांना किंगपिन आणि लिंकपिनची, म्हणजे पोलादी खिळ्यांभोवती फिरणाऱ्या सांध्यांची, जुनी रचना आहे. १९६६ पासून तिथे बॉल जॉइंट, म्हणजे गोळा-खोबणीचे सांधे, आले. मागचा फरक अधिक महत्त्वाचा आहे. १९६८ पर्यंत साध्या गिअरच्या बीटलला स्विंग अॅक्सल होता, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत एक जाड नळी आणि तिच्या आतल्या टोकाला एकच रबरी बूट. १९६९ पासून अमेरिकेतील सर्व बीटलना दोन सांध्यांचा अॅक्सल आला. त्यात प्रत्येक बाजूला दोन रबरी बूट दिसतात, एक गिअरबॉक्सजवळ आणि एक चाकाजवळ. १९६८ मध्ये क्लचचे पेडल नसलेली ऑटोमॅटिक स्टिकशिफ्ट गाडी आली, तिला मात्र ही नवी रचना एक वर्ष आधीच मिळाली. टॉर्च घेऊन वाकून पाहिले तर हा फरक दोन मिनिटांत समजतो. चालवतानाही तो जाणवतो: स्विंग अॅक्सलची गाडी वेगात वळणावर घालून मधेच अॅक्सिलरेटर सोडला तर मागचे बाहेरचे चाक आत दुमडू पाहते आणि गाडीचा मागचा भाग हलका होतो. घाटरस्त्यावर किंवा ओल्या रस्त्यावर नवख्या चालकाने हे विसरू नये.

चाकाचे बोल्टही मोजावेत. अमेरिकेत आलेल्या बीटलना १९६७ पर्यंत पाच बोल्टांची चाके आणि १९६८ पासून चार बोल्टांची. मूळ चाकाच्या रिमवर महिना आणि साल ठोकलेले असते, पण चाके मित्रांमध्ये हातोहात फिरतात, त्यामुळे ती तारीख पूरक पुरावा म्हणूनच घ्यावी.

काचा बॉडीचे वय सांगतात

दिवा किंवा बंपर अर्ध्या तासात बदलतो. खिडकीचे भोक बदलायचे तर बॉडी कापावी लागते. म्हणून बॉडीचे साल ओळखण्यासाठी काचांकडे पाहावे. मार्च १९५३ पर्यंत मागची काच मधोमध पत्र्याच्या पट्टीने दुभागलेली होती. शौकीन लोक या गाड्यांना ‘स्प्लिट’ म्हणतात. त्यानंतर जुलै १९५७ पर्यंत अखंड लंबगोल काच आली, ती ‘ओव्हल’. १९५८ च्या मॉडेलला मोठी, चौकोनी वळणाची काच मिळाली आणि मागे पाहणे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने सोयीचे झाले. १९६५ मध्ये सगळ्याच काचा मोठ्या झाल्या, त्यांच्यामधले खांब बारीक झाले आणि पुढच्या काचेला किंचित बाक आला. १९७१ मध्ये मागच्या बाजूच्या खिडक्यांमागे हवा बाहेर जाण्यासाठी चंद्रकोरीसारख्या जाळ्या आल्या, आणि १९७२ मध्ये मागची काच आणखी थोडी उंच झाली.

१९५० च्या दशकातील ‘ओव्हल’ला सध्या मोठी मागणी असल्यामुळे नंतरच्या बॉडीला जुन्या घाटाची मागची काच बसवल्याची उदाहरणे आढळतात. अशा गाडीत छताच्या आतले कापड बाजूला करून काचेच्या चौकटीभोवती वेल्डिंग आहे का ते पाहण्याची परवानगी मागावी. विक्रेत्याने ती नाकारली तर तिथेच थांबलेले बरे.

दिवे, बंपर, इंजिन: उपयोगी, पण कच्चे पुरावे

इथून पुढच्या खुणा पटकन दिसतात, म्हणून लोक साल सांगताना त्याच आधी पाहतात. त्या सहज बदलता येतात, हे ध्यानात ठेवून वाचाव्यात.

१९६१ मध्ये ४० अश्वशक्तीचे नवे १२०० सीसी इंजिन आले आणि चारही पुढचे गिअर सिंक्रोनाइझ झाले, म्हणजे चालत्या गाडीतही ते न खरखरता पडू लागले. त्याआधीच्या गाड्यांत पहिला गिअर गाडी थांबल्यावरच नीट पडतो. १९६२ मध्ये मागचे दिवे मोठे झाले आणि पेट्रोलचा काटा आला. होय, त्यापूर्वी काटा नव्हता. गाडी गचके देऊ लागली की चालकाने पायाजवळची तोटी फिरवून राखीव पेट्रोलवर घ्यायची आणि पंप शोधायचा, अशी पद्धत होती, आणि तोटी पुन्हा मूळ जागी वळवायला विसरलेला चालक पुढच्या वेळी भर रस्त्यात अडकत असे. १९६३ मध्ये डिकीच्या झाकणावरचे वोल्फ्सबर्गचे रंगीत चिन्ह गेले. १९६४ मध्ये सरकत्या छताचे कापड जाऊन हँडलने फिरणारे पोलादी छत आले आणि पुढचे इंडिकेटर रुंद झाले. १९६६ मध्ये १३०० सीसी इंजिन आले, मागच्या, म्हणजे इंजिनावरच्या, झाकणावर ‘१३००’ हा बिल्ला आला आणि चाकांना भोके व चपट्या टोप्या आल्या.

१९६८ मध्ये बंपर उंच आणि चौकोनी झाले आणि पेट्रोल भरण्याचे तोंड डिकीतून बाहेर, पुढच्या उजव्या बाजूला आले. १९७० मध्ये १६०० सीसी इंजिन आले. १९७३ मध्ये मागचे दिवे मोठे व गोल झाले. ‘हत्तीचे पाय’ हे त्यांचे लाडके नाव. १९७४ मध्ये धक्का शोषणारे बंपर आले आणि १९७५ मध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आले, ज्याची ओळख सायलेन्सरच्या दोन नळ्यांऐवजी दिसणाऱ्या एकाच नळीने होते.

इंजिनावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. बीटलचे इंजिन गाडीला चार मुख्य बोल्टांनी धरलेले असते आणि सरावलेला मिस्त्री ते अर्ध्या-पाऊण तासात खाली उतरवतो. इतक्या वर्षांत ते बदलले गेले नसेल तरच नवल. नंबर डायनामोच्या बैठकीखाली असतो आणि त्याच्या आधीचे अक्षर प्रकार सांगते: एफ म्हणजे १३००, एच म्हणजे १५००, बी म्हणजे १९७० चे १६००, एई म्हणजे १९७१-७२ चे दोन पोर्टांचे (प्रत्येक सिलिंडरला इंधन-मिश्रणाची स्वतंत्र वाट असलेले) १६०० आणि एजे म्हणजे इंजेक्शनचे. १९६६ च्या गाडीत एई इंजिन आढळले तर तो दोष समजू नये. गाडी चालवण्याच्या दृष्टीने ते अधिक दमदारच आहे. मात्र ‘सगळे मूळचे आहे’ असे सांगून जास्त किंमत मागितली जात असेल तर हे अक्षर विक्रेत्याला दाखवावे.

अश्वशक्तीच्या आकड्यांनीही गोंधळ होतो. १९७१ च्या गाडीला ६० आणि १९७३ च्या गाडीला ४६ असा आकडा वाचून पुष्कळांना इंजिन दुबळे झाले असे वाटते. यातला बराचसा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. अमेरिकेत त्या सुमारास पंखा, सायलेन्सर वगैरे जोडणी काढून मोजण्याची रीत मागे पडली आणि ती सर्व जोडणी ठेवून मोजण्याची रीत आली.

१९६७ चे मॉडेल वेगळे का मानतात

सालांच्या या सगळ्या गर्दीत १९६७ वर थोडे थांबायला हवे. या एका वर्षात अमेरिकेतील बीटलला १५०० सीसी इंजिन, ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची वीज, दोन स्वतंत्र मंडलांचे ब्रेक (एक मंडल निकामी झाले तरी दुसरे चालते), उभ्या काचेचे हेडलाइट, दोन वेगांचे वायपर आणि रिव्हर्सचे दिवे असे सगळे एकदम मिळाले, पण बंपर जुन्या सडपातळ घाटाचेच राहिले. पुढच्याच वर्षी बंपर जाड झाले. जुने रूप आणि नवी यंत्रणा यांचा मेळ याच एका वर्षात बसला, म्हणून शौकिनांचा जीव १९६७ वर आहे, आणि मला तो योग्य वाटतो. पण त्याची किंमत सुट्या भागांच्या रूपाने मोजावी लागते. मागचे झाकण फक्त त्याच वर्षीचे, आणि बंपरजवळ वेगळे बसवलेले रिव्हर्सचे दिवेही फक्त त्याच वर्षीचे. १९६८ पासून ते मागच्या दिव्यातच सामावले. हे भाग गाडीवर आहेत का, हे आधी पाहावे, कारण ते नंतर शोधण्यात पैसाही जातो आणि वर्षेही.

गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची हे पाहायला मागची सीट पुन्हा उचलावी लागत नाही. कोणताही बल्ब काढून त्यावरचा आकडा वाचावा. मात्र अनेक जुन्या गाड्या नंतर १२ व्होल्टच्या करून घेतलेल्या आहेत, त्यामुळे यावरूनही साल ठरवू नये.

सुपर बीटल

१९७१ पासून अमेरिकेत दोन बीटल एकाच वेळी विकल्या जात होत्या, आणि सुटे भाग मागवताना सर्वाधिक चुका इथे होतात. सुपर बीटलला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेले उभे सस्पेन्शन, आले, नाक थोडे लांब व फुगीर झाले आणि डिकीतील जागा जवळपास दुप्पट झाली. ओळख सोपी आहे. डिकी उघडावी, स्टेपनी तळाशी आडवी झोपलेली असेल तर सुपर, आणि पुढे तिरकी उभी असेल तर साधी. १९७३ पासून सुपरची पुढची काच ठळक वक्र झाली, त्यामुळे डिकी न उघडताही ती ओळखता येते. सुपर सेडान १९७५ मध्ये थांबली, साधी सेडान अमेरिकेत १९७७ पर्यंत आणि कन्व्हर्टिबल १९७९ च्या मॉडेलपर्यंत मिळत राहिली.

स्टेपनीवरून एक गंमतीची गोष्ट. अनेक वर्षांच्या बीटलमध्ये काच धुण्याचे पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबाने उडते, पंपच नाही. स्टेपनीची हवा ठरावीक पातळीच्या खाली गेली की झडप बंद होते, म्हणजे टायर पूर्ण रिकामा होत नाही. काचेवर पाणी येईनासे झाले तर आधी स्टेपनीत हवा भरून पाहावी. डॅशबोर्डवरची चिनी मातीची फुलदाणी, जी आज बीटलची खूण मानली जाते, ती मात्र विक्रेत्यांकडे मिळणारी वेगळी वस्तू होती. ती असण्या-नसण्यावरून साल ओळखता येत नाही.

नवख्याने कोणते साल घ्यावे

पहिली बीटल रोज चालवायची असेल तर १९६९ किंवा १९७० ची साधी सेडान घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १२ व्होल्टची वीज, दोन मंडलांचे ब्रेक आणि वळणावर भरवशाचा मागचा अॅक्सल यांत मिळतो, कार्ब्युरेटर साधा आहे आणि बहुतेक भाग नव्याने बनवलेलेही मिळतात. १९७५ पासूनची इंजेक्शनची गाडी चांगली असते, पण अनेकांनी इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवलेले आहेत. मूळ यंत्रणा शाबूत असेल तरच तिचा विचार करावा. १९६६ आणि त्याआधीची ६ व्होल्टची गाडी सुंदर आहे, पण रात्रीच्या प्रवासासाठी ती पहिली गाडी म्हणून सुचवणार नाही. कोणतेही साल असो, बॅटरीखालचा तळपत्रा आणि दरवाज्यांखालच्या हीटरच्या पन्हळी गंजलेल्या असतील तर सालाचे कौतुक बाजूला ठेवून पुढची गाडी पाहावी.

अमेरिकेबाहेरच्या गाड्या

महाराष्ट्रात जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एखादी उजव्या स्टिअरिंगची बीटल दिसली तर वरच्या खुणा तिला लावताना सावध राहावे. दारामागच्या खांबातून बाहेर येणारे हातासारखे इंडिकेटर अमेरिकी गाड्यांतून १९५५ मध्येच गेले, पण इतर देशांच्या गाड्यांत ते १९६० पर्यंत होते. उभ्या काचेचे हेडलाइट युरोपात अमेरिकेपेक्षा एक वर्ष उशिरा, म्हणजे १९६८ च्या मॉडेलला आले, आणि स्वस्त १२०० ही गाडी त्यानंतरही ६ व्होल्टवर चालत राहिली. काचा आणि चेसिस नंबर यांची साक्ष मात्र तिथेही चालते. वोल्फ्सबर्गचे फोक्सवॅगन ऑटोम्युझियम चेसिस नंबरावरून गाडीचे प्रमाणपत्र देते, ज्यात ती कारखान्यातून केव्हा बाहेर पडली, मूळ रंग कोणता होता आणि ती कोणत्या देशासाठी बनली हे कळू शकते. गाडी महाग असेल तर पैसे देण्यापूर्वीच ते मागवावे, आणि सुटे भाग मागवताना दुकानदाराला सालाबरोबर पूर्ण चेसिस नंबरही द्यावा.